बोद्री आणि ईस्टरचा सोमवार

"यंदा अंगणात माणसं दिसली पाहिजेत," विल्मा म्हणाली, "नाहीतर मंगळवारी सकाळी तुझं ते कुत्रं तुझ्या चुलतभावाच्या वाडीवर जाईल. मी शेवटचं सांगते, लोरिंत्स."

चातारी लोरिंत्सच्या हातातला पाव सुपाच्या ताटलीत पडला. चाळीस वर्षं मेंढरं राखलेला हा माणूस लांडग्याला घाबरला नव्हता, पण बायकोने, विल्माने, 'शेवटचं' म्हटलं की ते शेवटचंच असतं हे त्याला ठाऊक होतं.

विल्माचंही चुकलं नव्हतं. आमच्या कुनशागच्या माळावर ईस्टरच्या सोमवारी पुरुषांनी घरोघर जाऊन बायकांच्या केसांवर पाणी नाहीतर कोलनवॉटर शिंपडायचं, एक कविता म्हणायची, रंगवलेलं अंडं घ्यायचं, केक खायचा, पालिंकाचा, म्हणजे फळांच्या कडक दारूचा, एक घोट मारायचा आणि पुढच्या घरी जायचं, अशी रीत आहे. जिच्यावर पाणी पडलं नाही ती वर्षभरात कोमेजते म्हणतात. त्यामुळे कुणाकडे किती शिंपडणारे आले हे दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला तोंडपाठ असतं. गेल्या ईस्टरला चातारींच्या दारात एकसुद्धा आला नव्हता. विल्माने भाजलेले चार पराती केक डुकरांनी खाल्ले, आणि तिची तेहतीस वर्षांची मुलगी एमेशे कोरड्या केसांनी शाळेत भूगोल शिकवायला गेली. एमेशेला त्याचं काही नव्हतं. विल्माला मात्र सरपंच दोमोकोशची बायको कोर्नेलिया दुकानात भेटली तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

याला कारण बोद्री. बोद्री हा कोमोंडोर जातीचा, मेंढरं राखणारा कुत्रा. आठशे वर्षांपूर्वी कुन लोक पूर्वेकडून आले ते मेंढरांबरोबर असली कुत्री घेऊन आले, आणि तेव्हापासून या जातीने कुणाचं ऐकलेलं नाही. वजन साठ किलो. अंगावर दोरखंडासारख्या पांढऱ्या कुरळ्या जटा, त्या जमिनीपर्यंत लोळतात. त्यांना कंगवा लावायचा नसतो, हातांनी एकेक जट सोडवत बसायचं असतं. हे काम एमेशे गेली पाच वर्षं दर रविवारी करत आली होती, कारण पिल्लू असताना तिनेच त्याला बाटलीने दूध पाजलं होतं. पण बोद्रीची खरी अडचण जटांची नव्हती. तो भुंकत नसे, चावत नसे, आणि दिवसाउजेडी आत येणाऱ्या कुणालाही अडवत नसे. फक्त एकदा आत आलेल्याला तो बाहेर जाऊ देत नसे. कुंपणाच्या आत जे आहे ते आपलं, आणि आपलं ते राखायचं, एवढं साधं त्याचं डोकं. लोरिंत्सने स्वतः हात धरून फाटकाबाहेर नेलं तरच सुटका. गेल्या ईस्टरच्या महिनाभर आधी मीटर बघायला आलेला माणूस पाच तास विहिरीच्या कठड्यावर बसला होता. त्याने बोद्रीची कीर्ती तीन गावांत पोचवली.

लोरिंत्सने दोन रात्री विचार केला आणि त्याच्या मते नामी अशी युक्ती काढली. शनिवारी त्याने दारूच्या दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की बोद्रीला दोन दिवस वाडीवर सोडून आलोय, सवय व्हावी म्हणून. घरी विल्मालाही तेच सांगितलं. प्रत्यक्षात त्याने बोद्रीला माळावरच्या जुन्या मेंढवाड्यात बांधलं, आणि तिथे तो दोर कुरतडायला लागला म्हणून सोमवारी पहाटे अंगणाच्या टोकाच्या उन्हाळी स्वयंपाकघरात कोंडलं. तिथे हॅमचं एक मोठं हाड ठेवलं आणि एमेशेच्या कानात सांगितलं, "तुझी आई तिकडे फिरकणार नाही एवढं बघ. मी संध्याकाळी येतो."

"बाबा, तुम्ही आज तरी घरी थांबा की!"

"अगं, तीन बहिणी आहेत पलीकडच्या गावात. शिंपडायला गेलो नाही तर नाताळपर्यंत तोंड बघणार नाहीत माझं." असं म्हणून तो कोलनवॉटरची मोठी बाटली कोटाच्या खिशात घालून सायकलवरून निघाला. फोन नेहमीप्रमाणे कपाटावर राहिला.

आणि खरंच माणसं आली! साडेनऊला मधमाश्या पाळणारा ओदोन आला, नवा सदरा घालून, कानापर्यंत लाल होऊन. त्याची कविता दुसऱ्या ओळीतच अडली, तेव्हा एमेशेने ती पुरी केली. मागोमाग सरपंच दोमोकोश, पाद्री तादेबाबा, अग्निशामक दलाचे कप्तान, पोस्टमन, खाटीक. दहा वाजेपर्यंत अंगणात नऊजण झाले. विल्माचे पाय जमिनीवर ठरेनात.

सरपंचाने घसा साफ करून आपली कविता सुरू केली. गेली वीस वर्षं तो प्रत्येक घरी हीच म्हणतो:

"दारामागे कळी आहे, ऐकून आलो दुरून,
कोमेजण्याआधी तिला जाऊ का मी भिजवून?"

"भिजवा," एमेशेने डोळे मिटून मान पुढे केली. नेमकं त्याच क्षणी विल्माच्या लक्षात आलं की केक संपत आले. जास्तीची परात उन्हाळी स्वयंपाकघरात होती.

"आई, थांब! तिकडे नको—" एमेशेने ओल्या पापण्यांतून बघितलं तेव्हा विल्माने कडी काढलीही होती.

दार उघडलं. परात रिकामी होती. परातीशेजारी बोद्री उभा होता आणि मिशांवरचं लोणी चाटत होता.

विल्माने दाराची चौकट धरली. बोद्री तिच्या बाजूने सभ्यपणे बाहेर आला. अंगण ओलांडताना त्याने नऊजणांना एकेकदा हुंगलं, मोजदाद केल्यासारखं. मग तो फाटकात जाऊन बसला. खाटकाचा घास तोंडात होता, तो तोंडातच राहिला.

"हा... हा तर वाडीवर होता ना?" पोस्टमन पुटपुटला.

"मलाही तसंच सांगितलं होतं," विल्मा खुर्चीत कोसळली. "पस्तीस वर्षं संसार केला याच्याबरोबर. पस्तीस वर्षं!"

"घाबरू नका, देवाचंच लेकरू आहे ते," तादेबाबा उठले. त्यांना अकराच्या प्रार्थनेला जायचं होतं. ते हसतमुखाने फाटकाकडे चालू लागले. बोद्री उठला, त्याने झग्याची बाही अगदी हळुवार दातांत धरली आणि बाबांना परत खुर्चीपर्यंत आणून बसवलं. बाबा बसले. बाही सोडून बोद्री फाटकात परतला. पाद्र्याला कुत्र्याने जागेवर बसवलेलं आमच्या गावात तोपर्यंत कुणी पाहिलं नव्हतं.

एमेशेने हाका मारल्या. बोद्रीने तिच्याकडे बघून शेपटी हलवली, पण जागचा हलला नाही. सरपंच मागच्या कुंपणावरून उडी मारायला गेला. एक पाय पलीकडे आणि एक अलीकडे असताना त्याची विजार मागून कुणीतरी धरली. मागे वळून बघायची त्याला गरज पडली नाही.

"लोरिंत्सला फोन लावा!" कप्तान गरजले. फोन लावला. तो घरातल्या कपाटावर वाजला. मग बहिणींना लावला. थोरली म्हणाली, आत्ताच गेला. मधली म्हणाली, अजून आला नाही. धाकटी म्हणाली, मागच्या ईस्टरला तो आमच्याकडे संध्याकाळी पाचला पोचला होता, आणि त्यानंतर त्याने दोन तास गाणी म्हटली.

अकरा वाजले. बाहेरून शिंपडणारे येतच होते, आणि आतले लोक "नका येऊ!" म्हणून हात हलवायचे. लोकांना वाटायचं, बोलावतायत, आणि आत सरपंच-पाद्री बसलेले बघून कुत्र्याची भीती मोडायची. बोद्री अंग चोरून प्रत्येकाला वाट द्यायचा आणि पुन्हा आडवा व्हायचा. बँडवाले सहाजण एकदम आले, ढोलासकट. नऊचे सतरा झाले, सतराचे सव्वीस.

शेवटी सरपंचाचा धीर सुटला. "जनावर आहे, पाण्याला भिणारच!" म्हणून त्याने विहिरीतली बादली उपसली, आणि कुणी अडवायच्या आत बोद्रीच्या अंगावर उपडी केली.

"अहो, काय केलंत हे!" एमेशे एवढ्या जोरात ओरडली की बँडवाल्याच्या हातातली काठी ढोलावर पडली. "कोमोंडोर आहे तो! सोमवारी भिजला तर बुधवारी वाळतो! मुळाशी ओल राहिली तर कातडीला बुरशी धरते, महिनाभर वास जात नाही!"

"मला काय माहीत?"

"सरपंच आहात ना? माहीत पाहिजे!"

बोद्रीने एकदा अंग झटकलं. तेवढ्यात सव्वीसजणांचे इस्त्रीचे सदरे ओले झाले. मग त्याने वाळायला चांगली जागा शोधली. अंगणात ऊन फक्त फाटकात येत होतं. तिथे तो आडवा पसरला, या खांबापासून त्या खांबापर्यंत. साठ किलोंचं कुत्रं जटांत पाणी मुरून आता सत्तरीच्या घरात गेलं होतं. पाचजणांनी ओढून बघितलं. बोद्रीला ते चोळून दिल्यासारखं वाटलं असावं, कारण त्याने डोळे मिटून सुस्कारा सोडला.

इकडे गावात काय चाललं होतं? गावात काहीच चाललं नव्हतं, आणि तोच घोळ होता. घरोघर बायका-मुली केस विंचरून, केक मांडून बसल्या होत्या आणि एकाही दारात पुरुष फिरकत नव्हता. बारा वाजले, एक वाजला. कोर्नेलियाच्या दोन मुली खिडकीत बसून रडकुंडीला आल्या. कोरडं राहायची वेळ या घरावर कधी आली नव्हती. तेवढ्यात कुणीतरी बातमी आणली: सगळे बाप्ये सकाळपासून चातारींच्या एमेशेकडे आहेत. आणि तिथे बँड आहे.

गावाला धक्काच बसला. एमेशे! भूगोलाची! कोर्नेलियाने अंगावरचा एप्रन फेकला. दोन वाजता लेकींसकट पंचवीस-तीस बायका रस्त्याने निघाल्या तेव्हा कोंबड्या आपणहून बाजूला झाल्या.

"आत येऊ नका!" त्यांना बघताच सगळे नवरे एकसुरात ओरडले. "पाया पडतो, आत येऊ नका!"

याहून वाईट वाक्य त्यांना सुचलं नसतं. कोर्नेलिया पहिली आत शिरली. बोद्रीने मान उचलून मोठ्या अदबीने पाय आखडून घेतले. शेवटची बाई आत आली आणि त्याने पाय पुन्हा पसरले.

"लाज नाही वाटत?" कोर्नेलिया सरपंचावर तुटून पडली. "या आपल्या दोन पोरी अजून कोरड्या आहेत, आणि तू सकाळपासून इथं केक खातोयस?"

"मला जायचंय गं, पण कुत्रं सोडत नाही."

"काय? कुत्रं? पंचवीस वर्षांत बरी सबब शोधलीस!" ती त्याचा दंड धरून फाटकाकडे निघाली. दोन मिनिटांनी दोघंही बाकावर शेजारी शेजारी बसली होती, आणि कोर्नेलियाच्या बाहीला ओला डाग होता. कोर्नेलिया गप्प बसलेली बघून लोकांना बोद्रीची खरी भीती वाटली.

आता दुसरं करणार काय? इतक्या कोरड्या बायका समोर आल्या म्हटल्यावर पुरुषांनी तिथेच शिंपडायला घेतलं. कोलनवॉटर संपलं तसं विहिरीचं पाणी घेतलं. बँड वाजू लागला. पालिंका दुपारीच आटली होती, त्यामुळे सगळे शुद्धीवर होते. आमच्याकडे ईस्टरच्या सोमवारी चार वाजता ही नवलाची गोष्ट. विल्माने घरातला सगळा हॅम कापला, अंडी उकडली, मग चार कोंबड्याही. लोकांना वाढताना ती हसत होती, पण आत गेली की डोळ्यांना एप्रनचं टोक लावायची. "सबंध गाव दावणीला बांधलं माझ्या दारात," ती एमेशेला म्हणाली. "हसं झालं आपलं. उद्या तो जाणार. आता काही बोलू नकोस."

एमेशे उठली. ती फाटकाशी जाऊन बोद्रीच्या जटा एकेक करून पिळत बसली. थोड्या वेळाने ओदोन आला आणि त्याने दुसऱ्या बाजूने पिळायला सुरुवात केली. त्याच्या कवितेपेक्षा हे काम त्याला बरं जमत होतं.

साडेपाचला रस्त्यावरून गाणं ऐकू आलं. छप्पन माणसं उठून उभी राहिली. लोरिंत्स सायकल हातात धरून, कारण सायकलवर बसणं त्याला आता शक्य नव्हतं, डुलत डुलत आला. धाकटीकडच्या पायरीवर तो पडला होता. खिशातली बाटली फुटली होती आणि गुलाबाच्या कोलनवॉटरने त्याचा कोट, सदरा, विजार, सगळं निथळत होतं. दहा पावलांवरून डोळ्यांना पाणी येत होतं.

"लोरिंत्सकाका, लवकर या!"

फाटकातली गर्दी बघून लोरिंत्सचे डोळे पाणावले. "विल्मा," तो गदगदून म्हणाला, "म्हणालो नव्हतो, माणसं येतील म्हणून?"

बोद्रीने त्याला हुंगलं. एकदा शिंकला. दुसऱ्यांदा शिंकला. मग पाहुण्याला देतात तशी वाट दिली.

"बोद्री, ऊठ. सोड सगळ्यांना," लोरिंत्सने हुकूम केला आणि फाटकाकडे वळला. बोद्री उठला, त्याने मालकाची बाही हळुवार दातांत धरली आणि त्याला नेऊन तादेबाबांच्या शेजारी बसवलं.

लोरिंत्सच्या अंगातली पालिंका एका क्षणात उतरली. "यानं मला ओळखलं नाही," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "बाबा, माझ्याच कुत्र्यानं मला ओळखलं नाही हो!"

"मीही ओळखलं नसतं," नाकाला रुमाल लावून तादेबाबा म्हणाले.

मग जे झालं ते आमच्या गावाने उभं राहून बघितलं. विहिरीशी पिंप ठेवलं, कप्तानांनी आपल्या लोकांना साखळीने उभं करून बादल्या दिल्या, आणि विल्माने पंचावन्न माणसांदेखत नवऱ्याला कपडे धुण्याच्या साबणाने घासलं. गुलाब जाईना. शेवटी एमेशेने माळ्यावरून त्याची मेंढपाळीतली कातडी घोंगडी आणली, वीस वर्षांचा मेंढरांचा वास मुरलेली. ती पांघरून, खाली अनवाणी पाय, असा लोरिंत्स पुढे झाला. बोद्रीने हुंगलं. परत हुंगलं. मग त्याने अंग एवढं घुसळलं की पुढच्या रांगेतले पुन्हा भिजले, आणि आपलं ओलं डोकं मालकाच्या पोटात खुपसलं. लोरिंत्स सगळ्यांदेखत रडला.

त्यानंतर त्याने एकेकाचा हात धरून फाटकाबाहेर नेऊन सोडलं. पाद्री, सरपंच, कोर्नेलिया, खाटीक, ढोलवाला. आठ वाजेपर्यंत हे चाललं. ओदोनची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "काका, आधी बाकीचे जाऊ देत. माझी काही घाई नाही." एमेशेने खाली बघून जट पिळली.

मंगळवारी सकाळी विल्मा पाठ फिरवून परात घासत होती. लोरिंत्सने मुकाट्याने दोरी घेतली. एमेशे शाळेला जायची ती बोद्रीच्या गळ्यात हात टाकून पायरीवर बसली होती. आठ वाजता वाडीची गाडी येणार होती. पावणेआठला फाटक वाजलं आणि कोर्नेलिया आत आली. हातात झाकलेली ताटली.

"आली ओरडायला," विल्मा दातांतल्या दातांत म्हणाली आणि कंबर कसून उभी राहिली.

कोर्नेलियाने ताटली ठेवली. इकडे तिकडे बघितलं. "विल्मा, एक विचारू?" ती खालच्या आवाजात म्हणाली. "माझ्या दोघी पोरींवर काल एकेकीवर सव्वीस जणांनी शिंपडलं. दर वर्षी येतात दहा-बारा, एक घोट मारतात, पळतात. काल पळायलाच जागा नव्हती. पोस्टमन थोरलीशी तीन तास बोलला. शुद्धीत! आणि दोमोकोश... पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तो ईस्टरला संध्याकाळी स्वतःच्या पायांनी घरी आला." तिने ताटली विल्माकडे सरकवली. "पुढच्या ईस्टरला एक दिवस देशील का गं तुझा कुत्रा? आधीच सांगून ठेवते, कारण मागून खाटकाची बायको येतेय. तिलाही हवाय."

लोरिंत्सच्या हातातली दोरी गळून पडली. विल्माने कोर्नेलियाकडे बघितलं, मग बोद्रीकडे. जटांमधून त्याचा एकच डोळा दिसत होता, आणि त्यात कसलाही पश्चात्ताप नव्हता.

"कुत्रा?" विल्मा म्हणाली. "बोद्री घरचं माणूस आहे आमचं. घरचं माणूस कुणी उसनं देतं का? ज्यांना मुली शिंपडून घ्यायच्या असतील त्यांनी आमच्याकडे यावं. लोरिंत्स, वाडीवाल्याला सांग, गाडी नकोय."

कोर्नेलिया चेहरा पाडून उठली आणि फाटकाकडे निघाली. बोद्री एमेशेच्या हातांतून सुटून उभा राहिला, आणि त्याने तिची बाही हळुवार दातांत धरली. तिला सोडवायला लोरिंत्स अर्धा उठला.

"तू बस रे," विल्मा म्हणाली, आणि तिने कोर्नेलियासाठी खुर्ची ओढली. "एवढी काय घाई आहे? आत्ताच तर आलीयेस."